पाठ माझी, बैठक कोणाची?

"तुमची बसायची पद्धत चुकीची आहे." गेल्या वीस-बावीस वर्षांत हे वाक्य मी डॉक्टरांकडून, फिजिओथेरपिस्टकडून, योगवर्गातल्या बाईंकडून आणि लग्नकार्यात भेटणाऱ्या तमाम मावश्या-आत्यांकडून ऐकलं आहे. मैत्रिणींनो, तुमच्यापैकीही बऱ्याचजणींनी ते ऐकलं असणार. दोन खवाट्यांच्या मधे, मणक्याला लागून, कोणीतरी अंगठा रोवून ठेवावा तशी एक जागा असते. दुपारी तीनच्या सुमाराला ती बोलू लागते, संध्याकाळपर्यंत मान आखडते, रात्री कूस बदलताना जाग येते, आणि सकाळी पुन्हा कामाला लागायचं असतं. या दुखण्याला ना सूज, ना ताप. एक्स-रेमध्येही काही दिसत नाही. त्यामुळे ते आजार या पदवीला पोचतच नाही. ती आपली 'सवय' ठरते. वाकून बसायची सवय. जणू नखं खाण्यासारखी एखादी खोड.

हे वाक्य खोटं आहे असं मी म्हणत नाही. तासन् तास वाकून बसल्याने पाठ दुखते, यात शंका नाही. माझं म्हणणं इतकंच की ते वाक्य जिथे थांबतं तिथूनच खरा प्रश्न सुरू होतो. बाई वाकून का बसते?

मी सोलापुरात १९९६ पासून एका छापखान्यात संगणकावर अक्षरजुळणी करत होते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, दिवाळी अंक, कधी एखाद्या प्राध्यापकांचा चारशे पानी ग्रंथ. मोबदला पानावर. टेबल लिहायचं होतं, जुनं, सागवानी, तीस इंच उंच. त्यावर कीबोर्ड. माझी उंची पाच फूट. म्हणजे हात कीबोर्डवर ठेवायचे तर दोन्ही खांदे उचलूनच धरायला लागत, आणि खुर्चीवर उशी घेऊन उंच बसावं तर पाय लोंबकळत. पाय टेकायचे म्हणून मी खुर्चीच्या कडेवर पुढे सरकून बसत असे, की पाठीमागचा टेकू गेलाच. हस्तलिखित डाव्या हाताला आडवं ठेवलेलं. त्यामुळे दिवसभर मान खाली आणि डावीकडे. आता सांगा, यात माझी 'पद्धत' कुठे आली? त्या टेबलाशी, त्या खुर्चीवर, त्या उंचीची बाई दुसरी कशी बसणार होती? मालकांच्या केबिनमधे फिरती, हात टेकायची खुर्ची होती. मालक बहुतेक वेळ बाहेर असत. खुर्ची आत असे.

भारतातल्या बाईची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास भरते, म्हणजे पाच फूटच. म्हणजे मी काही अपवादात्मक बुटकी नव्हे, मी अगदी नमुन्याबरहुकूम आहे. तरी टेबल, खुर्ची, बँकेतला काउंटर, बसमधली वरची दांडी, यातलं काहीही माझ्या मापाचं नाही. स्वयंपाकघराचा ओटा तरी बाईच्या मापाने बांधतात की नाही? तोही नाही. बिल्डर सगळ्या मजल्यांवर एकाच उंचीचा ओटा घालतो, आणि मग त्यावर उभं राहून एक सून खांदे उचलून पोळ्या लाटते, तर दुसरी उंच सून मान मोडून.

आता जरा शरीराकडे येऊ, कारण आपल्या अंगात काय चाललंय हे आपल्याला कोणी समजावून सांगत नाही. माणसाचं डोकं साधारण साडेचार ते पाच किलोचं असतं. ते मणक्यावर सरळ तोललेलं असलं की मानेच्या आणि पाठीच्या स्नायूंना फारसं काही करावं लागत नाही. डोकं पुढे झुकलं की ते जणू लांब केलेल्या हातावर धरलेल्या घागरीसारखं होतं. वजन तेच, पण भार वाढतो. अमेरिकेतल्या एका अस्थिशल्यविशारदाने २०१४ साली संगणकावरच्या प्रतिमानावरून हिशेब मांडला, तेव्हा मान साठ अंशांत वाकल्यावर तो भार सुमारे २७ किलोंपर्यंत गेला. हा गणिताचा अंदाज आहे, प्रत्येकीच्या मानेचं माप नव्हे. पण दिशा कळायला पुरेसा आहे.

आणि नुसत्या भाराने तेवढं बिघडत नाही. शेतातली बाई डोक्यावरून ओझं नेते तेव्हा तिचे स्नायू आवळतात, सैल होतात, पुन्हा आवळतात. त्या हालचालीने रक्त खेळतं राहतं. अक्षरजुळणी करणारीचे, मशीनवर बसणारीचे, विडी वळणारीचे खांद्याचे स्नायू मात्र सकाळी जे आवळले जातात ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत तसेच. आवळलेल्या स्नायूत रक्ताचा पुरवठा कमी पडतो, तो थकतो, ठणकतो. बोटं भराभर चालतात म्हणून बघणाऱ्याला वाटतं बाई काम करतेय ती बोटांनी. पाठ नुसती धरून ठेवलेली असते, आणि ते धरून ठेवणं हेही कष्टाचंच काम आहे, हे कुठल्याच मजुरीत धरलेलं नसतं.

म्हणूनच 'ताठ बसा' या उपदेशालाही फारसा अर्थ नाही. दिवसभर शिपायासारखं ताठ बसून बघा, तेही दुखेल. एकच एक आदर्श बैठक अशी नसतेच. बैठक मोडता येणं, उठता येणं, हात खाली सोडता येणं महत्त्वाचं. आणि उठता कोणाला येतं? जिची मजुरी नगावर नाही तिला.

आमच्या गल्लीत तीन घरांत विड्या वळतात. सोलापुरात हे काम पिढ्यान् पिढ्या बायकांच्याच हातात आहे. मजुरी हजार विड्यांवर. मांडीवर सूप, सुपात कातरलेली पानं आणि तंबाखू, मान छातीला टेकलेली. एकदा मी त्यातल्या एका काकूंना म्हटलं, "काकू, निदान भिंतीला टेकून तरी बसा." त्या हसल्या. म्हणाल्या, "भिंत आत आहे गं, आणि उजेड दारात." या एका वाक्यात जेवढं शास्त्र आहे तेवढं मला कुठल्या तक्त्यात सापडलं नाही. दहा बाय बाराच्या खोलीत टेकू पाहिजे तर अंधार, आणि उजेड पाहिजे तर टेकू नाही. बाई उजेड निवडते, कारण वाईट विड्या बाजूला काढल्या तर मजुरी जाते. पाठीचे पैसे कोणी कापत नाही.

उजेडाचा विषय निघालाच आहे तर डोळ्यांचंही सांगते. चाळिशी लागली की जवळचं धूसर दिसू लागतं, हे सगळ्यांनाच होतं. पुरुष चष्मा करतो. बाई पुढे वाकते. सुईत दोरा ओवायला शेजारच्या मुलीला हाक मारते, पण मशीनवर मात्र नाक टेकवूनच शिवते, आणि मग पाठ दुखते म्हणून बाम चोळते. आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या मजुरांना जवळचं दिसायचे साधे चष्मे देऊन एक अभ्यास झाला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. चष्मा मिळालेल्यांची पानं तोडण्याची मजल, न मिळालेल्यांच्या तुलनेत, वीस टक्क्यांहून अधिक वाढली. अभ्यासाचा मुख्य प्रश्न उत्पादनाचा होता, म्हणून हा आकडा माहीत झाला. मला मात्र वाटतं, आपल्या आरोग्य शिबिरांत पाठीची तक्रार घेऊन येणाऱ्या चाळिशीपुढच्या प्रत्येक बाईला आधी डोळे तपासायला पाठवलं पाहिजे. साधा चष्मा पट्ट्यांपेक्षा आणि मलमांपेक्षा स्वस्त पडतो.

डॉक्टरांविषयी माझं मन कलुषित आहे असं समजू नका. त्यांच्यापैकी काहींनी मला मनापासून मदत केली आहे. पण एक गोष्ट मला फार सलते. एका दवाखान्यात माझा केसपेपर काढताना 'व्यवसाय' या रकान्यात काउंटरवरच्या मुलाने मला न विचारताच 'गृहिणी' लिहिलं. तेव्हा मी दिवसाला नऊ तास अक्षरजुळणी करत होते. आतल्या डॉक्टरांनी कागद पाहिला आणि विचारलं, "घरात काही टेन्शन?" म्हणजे पुरुषाची पाठ दुखली तर तो काय उचलतो ते विचारायचं, आणि बाईची दुखली तर ती कोणाशी भांडते ते!

इटलीतल्या बेर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने इ. स. १७०० मधे कामगारांच्या आजारांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने बसून काम करणाऱ्या शिंप्यांची आणि चांभारांची वाकलेली पाठ नोंदवली आहे, लेखनिकांचे दुखरे हातही. आणि वैद्यांना बजावलं आहे की रोग्याला नेहमीचे प्रश्न विचारताना आणखी एक विचारा, तुमचा धंदा काय? तीनशे वर्षं उलटून गेली. आमच्या केसपेपरवर तो प्रश्न छापलेला आहे, फक्त उत्तर आम्हाला द्यायला मिळत नाही. आणि 'गृहिणी' हे उत्तर खरं असलं, तरी पुढचा प्रश्न यायला हवा ना! गृहिणी म्हणजे बसून असते की काय? २०१९ च्या सरकारी वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ गेल्याचं दिसलं, पुरुषांचा ९७. जवळपास पाच तास केर, भांडी, धुणं, लाटणं. छापखान्यातले नऊ तास संपवून मी घरी गेले की ही दुसरी पाळी सुरू होई, आणि तीही खांदे उचलून, मान घालूनच करायची.

बाईचं दुखणं मनातलं ठरवायची ही रीत आपल्याकडचीच नाही. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात टंकलेखन आणि कीबोर्डवर काम करणाऱ्या हजारो जणींचे हात, खांदे, माना दुखू लागल्या. तिथे भरपूर वाद झाला, आणि विद्वानांच्या एका गटाने हे दुखणं स्नायूंचं नसून मानसिक असल्याचं ठासून सांगितलं. कामाचा वेग कोणी वाढवला, खुर्च्या कोणी विकत घेतल्या, यापेक्षा बायकांच्या मनाची तपासणी सोपी वाटली असावी.

याउलट एक गोष्ट मला फार आवडते. कॅलिफोर्नियाच्या शेतांत मजुरांना आखूड दांड्याचं खुरपं वापरायला लावत. मालकांचं म्हणणं, आखूड दांड्याने काम नेटकं होतं. खरं म्हणजे कोण वाकलंय आणि कोण कंबर सरळ करायला उभं राहिलंय हे मुकादमाला लांबून दिसत असे. मजुरांच्या पाठी कायमच्या गेल्या. त्यांनी 'नीट वाकायचं कसं' याचं शिक्षण मागितलं नाही. ते कोर्टात गेले, आणि १९७५ साली त्या अवजारावर बंदी आली. दांडा लांब झाला. पीक बुडालं नाही. मागणी कशी करावी ते इथे शिकण्यासारखं आहे. दोष पाठीत शोधायचा की दांड्यात, हे आधी ठरवावं लागतं.

आपल्याकडे कायदा अगदीच मुका राहिला असंही नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४४ व्या कलमात उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय असावी, असं लिहिलं गेलं. पण तो कायदा कारखान्याच्या दाराशी थांबला. दुकान त्यात नव्हतं, घर तर नव्हतंच. केरळात कोझिकोडच्या कापडदुकानांतल्या विक्रेत्या बायकांनी 'पेन्कूट्टु' या आपल्या संघटनेतून बसण्याचा हक्क मागितला, तेव्हा २०१८ मधे त्या राज्याने दुकानांच्या कायद्यात तो घातला. २०२१ मधे तमिळनाडूनेही घातला. दहा-दहा तास साड्या दाखवणाऱ्या बाईला स्टुलावर टेकायचा हक्क मिळवायला कायदा लागावा, याचं हसावं की रडावं कळत नाही; पण तो त्यांनी मिळवला, हे महत्त्वाचं. महाराष्ट्रातल्या दुकानांत काम करणाऱ्या आपल्या मैत्रिणींनी यावर बोलायला हवं.

एव्हाना तुमच्यापैकी कोणीतरी म्हणेल, हे सगळं ठीक आहे, पण आज रात्री पाठ दुखतेय त्याचं काय? बरोबर आहे. टेबल बदलेपर्यंत पाठीला थांबा म्हणता येत नाही. माझ्यापुरतं जे उपयोगी पडलं ते सांगते. पहिलं म्हणजे प्रत्येक पाठदुखी बसण्यामुळे नसते, हे लक्षात ठेवा. ताप येत असेल, वजन उतरत असेल, रात्री झोपूनही दुखणं वाढत असेल, तर मणक्याचा क्षयही असू शकतो. आपल्या देशात तो दुर्मीळ नाही. हातात मुंग्या येऊन हातातली वस्तू पडत असेल, चालताना पाय अडखळत असतील, तर नस किंवा मज्जारज्जू दबल्याची शंका घ्यायला हवी. आणि पाठीत अचानक कळ येऊन दम लागला, घाम फुटला, जबडा किंवा हात दुखू लागला, तर तो हृदयाचा झटका असू शकतो. बायकांत तो असा आडवाटेने येतो आणि 'गॅस झाला असेल' म्हणून घालवला जातो. अशा वेळी अंगावर काढायचं नाही, घरातल्यांचा स्वयंपाक उरकून मग तर अजिबात नाही.

बाकी रोजच्या दुखण्यासाठी मी कामालाच घड्याळ केलं. दोन पानं झाली की उठायचं, मग कोणी काही म्हणो. शिवणकाम करणाऱ्या एका मैत्रिणीने बॉबिन संपली की उभं राहायचं, असा नेम केला आहे. उभं राहून हात वर, खांदे मागे, दहा श्वास. हस्तलिखितासाठी मी जुन्या पाटीचा उतरता टेकू केला आणि तो पडद्याच्या शेजारी, डोळ्यांसमोर उभा केला. आठ दिवसांत मानेची डावी बाजू बोलायची थांबली. पायाखाली उपडा घातलेला लाकडी खोका. उशीने उंच झालेली खुर्ची. हे सगळं शंभर रुपयांच्या आत झालं.

सगळ्यात मोठा फरक पडला तो मात्र ताकदीच्या व्यायामाने. डेन्मार्कमधे मानेचे-खांद्याचे स्नायू कायम दुखणाऱ्या नोकरदार बायकांवर एक प्रयोग झाला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून तीनदा वीस-वीस मिनिटं, दहा आठवडे, वजनं घेऊन खांद्याचे व्यायाम. दुखणं खूपच कमी झालं. आपल्याला मात्र लहानपणापासून उलटं सांगितलं जातं की दुखतंय तर जपा, उचलू नका. मी लिटरच्या दोन पाण्याच्या बाटल्या घेऊन सुरुवात केली. खांदे कानांकडे उचलायचे, सोडायचे; वाकून कोपरं मागे ओढायची. पहिले पंधरा दिवस जास्तच दुखलं, मग उतरत गेलं. घरात हसले. आता सासूबाईही एक बाटली घेऊन उभ्या राहतात, अर्धा लिटरची. शेकाने बरं वाटतं, जरूर घ्या. वेदनाशामक गोळ्या मात्र रोजच्या रोज, दुकानातून आणून, महिनोन् महिने घेऊ नका. त्या पोटाला आणि मूत्रपिंडाला भोवतात. पाठीला बांधायचा पट्टा मी दोनदा विकत घेतला. दोन्ही माळ्यावर आहेत.

पण हे सगळं करायला बाईला वीस मिनिटं लागतात, उभं राहायला दोन हात जागा लागते आणि उठल्यावर कोणी बोलणार नाही अशी खात्री लागते. २०२० च्या टाळेबंदीत कितीतरी घरांत ऑफिस आलं. माझ्या ओळखीतल्या एका घरात दोघंही संगणकावर काम करणारे. टेबल एकच. ते त्याला मिळालं, कारण त्याच्या 'मीटिंगा' असत. ती पलंगावर पाय पसरून, मांडीवर लॅपटॉप, मधे कुकरच्या शिट्या मोजत. दीड वर्षाने तिला फिजिओथेरपिस्टकडे जावं लागलं. तिलाही तेच सांगण्यात आलं, "तुमची बसायची पद्धत चुकीची आहे." टेबल कोणाकडे आहे, हे विचारलं नाही.

मला वाटतं, यापुढे आपल्या गटांनी आरोग्य शिबिरात रक्तदाबाच्या यंत्राबरोबर एक मोजपट्टीही ठेवावी. बाई कुठे बसते, तिच्या कोपराची उंची किती, टेबलाची किती, पाय टेकतात का, उजेड कुठून येतो, मजुरी नगावर की दिवसावर, एवढं कागदावर उतरवावं. केसपेपरवर व्यवसाय आपणच सांगावा, आणि तो लिहिला की नाही ते वाचून बघावं. मागणी करताना हे कागद कामाला येतात. आमच्याकडे ते आले.

आमच्या भागात शाळेचे गणवेश शिवणारा एक गाळा आहे. अकरा जणी, अकरा मशिनं, बसायला बिनटेकूची स्टुलं. मागच्या वर्षी आम्ही तिथे मापं घेतली आणि कंत्राटदाराशी बोलायला बसलो. तो आधी म्हणाला, टेकूच्या खुर्च्या दिल्या तर बाया टेकून बसतील. मग त्याच्यापुढे अकरा जणींचे कागद ठेवले: कोणाच्या महिन्यात किती रजा पाठीमुळे, त्या दिवसांत किती गणवेश कमी निघाले. दिवाळीनंतर खुर्च्या आल्या. प्रत्येक मशीनवर सुईपाशी दिवाही आला, आणि सहा जणींना चष्मे लागले, ते आम्ही शिबिरातून मिळवून दिले. खुर्च्यांचं भाडं म्हणून तो दर महिन्याला प्रत्येकीच्या मजुरीतून पन्नास रुपये कापतो. त्याविषयीची बोलणी येत्या पंधरवड्यात आहेत. खुर्चीवर बसूनच करायची, असं त्या अकरा जणींनी ठरवलं आहे.